परवान्याच्या आधी चिप

२० ऑक्टोबर २०२० रोजी जपानच्या मियाझाकी प्रांतात, नोबेओका इथल्या एका चिप-कारखान्याला आग लागली. कारखाना असाही कासेई मायक्रोडिव्हायसेस या कंपनीचा. ध्वनीच्या क्षेत्रातले लोक तिला एकेएम म्हणून ओळखतात. आग पुरती विझायला तीन दिवसांहून अधिक काळ गेला. माइकमधून येणाऱ्या लहरींचे आकडे करायचे आणि त्या आकड्यांची पुन्हा लहर करायची, ही कामं करणाऱ्या चिप्समध्ये या कंपनीचा हातखंडा. हायफाय अँप्लिफायर, स्टुडिओतली रेकॉर्डिंगची यंत्रं, मोटारीतले स्टिरिओ, सगळीकडे त्या होत्या. बघता बघता वितरकांकडचा साठा आटला. मोठ्या कंपन्यांनी आपापली सर्किट्स नव्याने आखली. त्यांच्याकडे त्यासाठी माणसं होती, पैसा होता. ज्यांनी आपलं सर्किट जगाला खुलं करून दिलं होतं अशा छोट्या प्रकल्पांपुढे मात्र पेच उभा राहिला. नकाशा सगळ्यांसाठी खुला, आणि त्यात दाखवलेला भाग कुणालाच मिळत नाही.

डेझी सीड या बोर्डाची गोष्ट त्या काळातली. इलेक्ट्रोस्मिथ या अमेरिकी कंपनीने आणलेलं हे बोटाएवढं बोर्ड. त्यावर ४८० मेगाहर्ट्झने चालणारा एसटीएम३२एच७५० हा मायक्रोकंट्रोलर आणि ६४ मेगाबाइट मेमरी. गिटारचे इफेक्ट, सिंथेसायझर, लूपर असं काहीही त्यावर बांधता येतं. सुरुवातीला आवाज आत घेण्याचं आणि बाहेर सोडण्याचं, म्हणजे कोडेकचं, काम एकेएमच्या एके४५५६ कडे होतं. पुढच्या आवृत्तीत त्या जागी मूळची वोल्फसनची डब्ल्यूएम८७३१ आली, आणि त्याच्याही पुढच्या आवृत्तीत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम३०६०. तीन चिप्स, तीन वेगळी घराणी. एके४५५६ ला काही सांगावं लागत नाही. वीज आणि क्लॉक मिळालं की ती कामाला लागते. डब्ल्यूएम८७३१ ला आधी दोन तारांवरून सूचना द्याव्या लागतात. पिनांची मांडणीही निराळी. तरी ज्याने या बोर्डासाठी आधीच एखादा डिले किंवा रिव्हर्ब लिहून ठेवला होता, त्याला त्यासाठी आपलं गणित नव्याने लिहावं लागलं नाही. लिबडेझी ही बोर्डाची मुक्त लायब्ररी सुरू होताना काही ठरावीक पिना ग्राउंडला जोडलेल्या आहेत का ते तपासते, त्यावरून बोर्डाची आवृत्ती ओळखते आणि त्या त्या कोडेकला हव्या त्या सूचना देते. वरच्या कोडला खाली कोणती चिप बसली आहे याचा पत्ताही नसतो.

मुक्त हार्डवेअरवरचा वाद बहुतेक वेळा परवान्याभोवती फिरतो. सर्नचा परवाना घ्यावा की क्रिएटिव्ह कॉमन्सचा, बदल करणाऱ्याने ते पुन्हा खुले करावेत अशी अट असावी की नसावी, यावर लोक तावातावाने बोलतात. ही चर्चा फिजूल नाही. पण आराखडा खरोखर किती मुक्त राहणार हे त्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं, सर्किटच्या मध्यभागी कोणती चिप ठेवायची हे ठरलं त्या दिवशी. जी चिप दुसऱ्याला विकत मिळत नाही, जिची माहिती वाचता येत नाही, जिच्यासाठी कोड लिहायला एकाच कंपनीचं बंद सॉफ्टवेअर लागतं, ती चिप असलेला आराखडा कोणत्याही परवान्याखाली प्रसिद्ध केला तरी तो बघण्यापुरताच मुक्त असतो. २०११ मध्ये मुक्त हार्डवेअरची जी तत्त्वं लिहिली गेली, त्यांत सहज मिळणारे भाग आणि सर्वपरिचित प्रक्रिया वापराव्यात असं म्हटलेलंच आहे. पण ते 'आदर्शतः' या शब्दाच्या आडोशाला. मी तो शब्द काढून टाकेन. सर्नच्या परवान्याची दुसरी आवृत्ती २०२० मध्ये आली, तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि 'उपलब्ध घटक' कशाला म्हणायचं याची व्याख्याच परवान्यात घातली. कायदा लिहिणाऱ्यांनाही सुट्या भागांपाशी थांबावं लागलं, ही मला मोलाची गोष्ट वाटते.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो पोकळ नाही. प्रत्येक चिप आतून बंदच असते. साध्या ऑप-अँपचा सिलिकॉनवरचा नकाशाही कुणी आपल्याला देत नाही. मग कुठे रेघ ओढायची? माझं म्हणणं असं की चिपच्या पोटात काय आहे आणि तिच्याशी व्यवहार कसा करायचा, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. एनई५५३२ बघा. ही ऑप-अँप सिग्नेटिक्सने १९७० च्या दशकाच्या शेवटी आणली. सिग्नेटिक्स हे नाव बाजारातून केव्हाच गेलं, पण तीच चिप आज टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बनवते, इतरही बनवतात. शिवाय आठ पायांची दुहेरी ऑप-अँप म्हटली की कोणता पाय कशाचा हे अवघ्या उद्योगाने ठरवून टाकलं आहे. त्यामुळे एनई५५३२ च्या सॉकेटमध्ये टीएल०७२ बसते, ओपीए२१३४ बसते. आवाजात थोडा फरक पडेल, खुर्र थोडी कमीजास्त होईल, पण यंत्र चालेल. तिच्या पोटात काय आहे हे न कळल्याने आपलं काही अडत नाही, कारण तिच्याशी व्यवहार कसा करायचा ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि तो दुसरीशीही तसाच करता येतो.

याच्या नेमकी उलट परिस्थिती ईएसएस कंपनीच्या सेबर डीएसींची, म्हणजे आकड्यांची लहर करणाऱ्या चिप्सची, होती. हायफायच्या जगात यांचं नाव मोठं, आकडे डोळे दिपवणारे. पण कित्येक वर्षं त्यांची संपूर्ण डेटाशीट गोपनीयतेच्या करारावर सही केल्याशिवाय मिळत नसे. आता विचार करा. ज्या चिपची रजिस्टरं काय करतात हे सांगायचं नाही अशी सही मी केली आहे, तिच्यासाठी मी मुक्त ड्रायव्हर कसा लिहिणार? लिहिला तर त्यातल्या प्रत्येक ओळीतून तेच गुपित बाहेर पडणार. लोकांनी दुसऱ्यांची यंत्रं तपासून, अंदाज बांधून काम भागवलं, त्यांच्या चिकाटीचं कौतुक आहे. पण ज्या प्रकल्पाच्या मध्यभागी न बोलण्याचा करार बसला आहे, त्याला मुक्त म्हणायला माझी जीभ वळत नाही. याच्यासमोर वोल्फसनचं उदाहरण ठेवावंसं वाटतं. एडिनबरोच्या या कंपनीने आपल्या कोडेकच्या डेटाशीट खुल्या ठेवल्या आणि तिच्या अभियंत्यांनी लिनक्सच्या कर्नलमधला ध्वनीचा थर घडवण्यात मोठा वाटा उचलला. २०१४ मध्ये सिरस लॉजिकने वोल्फसन विकत घेतली. कंपनी गेली, कर्नलमधला डब्ल्यूएम८७३१ चा ड्रायव्हर राहिला.

चिप निवडताना नवशिके, आणि बरेच मुरलेलेही, पहिल्यांदा डेसिबलचा आकडा बघतात. आवाज आणि खुर्र यांच्यातलं अंतर ११२ डेसिबल की १२० की त्याहून जास्त. या आकड्याला मी शेवटून दुसरा क्रमांक देईन. घरी आखलेल्या दोन थरांच्या पीसीबीवर, यूएसबीतून आलेल्या अस्वच्छ विजेवर, शेजारी मायक्रोकंट्रोलर धडधडत असताना १२० डेसिबलची चिप १२० देत नाही. ग्राउंड कसा नेला आहे, वीज किती गाळून घेतली आहे यावर तिथे सगळं ठरतं. पीसीएम५१०२ए ही स्वस्त डीएसी ११२ डेसिबलची. तीन तारा जोडल्या की वाजते, वेगळा मास्टर क्लॉकही मागत नाही. तिच्याच घरातल्या पीसीएम५१०० आणि ५१०१ पिनेला पिन जुळतात, म्हणजे एक मिळाली नाही तर दुसरी बसवा. माझ्या लेखी हा गुण आठ-दहा डेसिबलपेक्षा मोठा आहे.

आणि वाद्य म्हणून काय हवं असतं? पॅरिसच्या एमिली जिले यांनी म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या नावाने जी मॉड्यूल्स केली, त्यांतलं क्लाउड्स हे आवाजाचे कण करून विखुरणारं यंत्र जगभरच्या वादकांना वेड लावून गेलं. त्यात एसटीएम३२एफ४०५ आणि तीच डब्ल्यूएम८७३१ होती, आणि ते सेकंदाला ३२ हजार नमुन्यांवर चालत होतं, सीडीपेक्षाही कमी. त्याआधीचं त्यांचं श्रुती-१ तर आठ बिटांच्या एव्हीआर चिपवर उभं होतं, पुढे अ‍ॅनलॉग फिल्टर. हे आकडे हायफायच्या दुकानात कुणी सांगितले तर गिऱ्हाईक निघून जाईल. पण एसटीएम३२एफ४०५ ची चौसष्ट पायांची आवृत्ती साध्या सोल्डरिंग आयर्नने, बारीक टोक आणि भरपूर फ्लक्स घेऊन लावता येते. तिची संदर्भपुस्तिका कोणीही उतरवून घेऊ शकतो. कंपायलर जीसीसी, तो मुक्तच. ज्याला क्लाउड्स स्वतःच्या हाताने घडवायचं होतं, त्याच्या वाटेत कुणी उभं नव्हतं.

जिले यांच्या कामात मला त्याहून खोल वाटणारी गोष्ट कोडच्या मांडणीत आहे. आवाजाचं गणित एका बाजूला, चिपच्या पिना हलवणारा कोड दुसऱ्या बाजूला. गणिताचा भाग मायक्रोकंट्रोलरशिवाय साध्या संगणकावर चालवून तपासता येतो. म्हणून तो कोड व्हीसीव्ही रॅक या संगणकावरच्या मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये गेला. म्हणूनच अर्टुरियाच्या मायक्रोफ्रीक या पूर्णपणे वेगळ्या वाद्यात प्लेट्स या मॉड्यूलचे आवाज आले. कोडला एमआयटी परवाना होता हे खरं, पण गणित जर एसटीएमच्या रजिस्टरांत गुंतलेलं असतं तर त्या परवान्याचा कुणाला कितीसा उपयोग झाला असता? २०२२ मध्ये कंपनीने काम थांबवलं. तिची मॉड्यूल्स मात्र अनेक छोट्या घडवणाऱ्यांच्या हातून आजही तयार होत आहेत. चिप निवडताना 'ही चिप गेली तर' हा प्रश्न ज्याने पहिल्या दिवशी विचारला, त्याचं काम त्या चिपहून जास्त जगतं.

चिप्स जातात, हे तर ध्वनीच्या क्षेत्राला पक्कं माहीत असायला हवं. कमोडोर ६४ मधली सिड ६५८१ बॉब यानेस यांनी आखली. १९८२ मध्ये तो संगणक बाजारात आला. पुढे त्या आवाजाच्या प्रेमात पडलेल्यांनी मिडीबॉक्स सिडसारखे सुंदर प्रकल्प उभे केले, आणि इलेक्ट्रॉन नावाच्या कंपनीने तर सिडस्टेशन हे वाद्यच विकायला काढलं. पण सिड बनणं थांबलं होतं. सिडस्टेशन चिप्सच्या तुटवड्यापायी बंद झालं. चिप मिळवायची तर चालते जुने संगणक उघडून ती उपटायची, किंवा बाजारात खोटा शिक्का मारलेल्या चिप्सच्या जुगारात पडायचं. अशा प्रकल्पांच्या घडवणाऱ्यांचा मला आदर आहे. पण जो आराखडा दर नव्या वाद्यामागे एक जुनं यंत्र मारायला लावतो, तो लोकांत वाटण्याजोगा नाही, असं मी स्पष्टच म्हणेन.

सीईएम३३४० चं नशीब वेगळं. डग कर्टिस यांची ही ऑसिलेटर चिप प्रॉफेट-५ च्या तिसऱ्या आवृत्तीत होती, रोलंडच्या एसएच-१०१ मध्ये होती, मेमरीमूगमध्ये होती. तीही एकदा बंद पडली. पण लाटव्हियातल्या रिगाच्या अल्फाने एएस३३४० काढली, कूलऑडिओने व्ही३३४० काढली, आणि २०१६ मध्ये कर्टिसच्याच नावाने मूळ चिप पुन्हा आली. पिना त्याच, सर्किट तेच. सिडला हे का साधलं नाही? एक तर ३३४० ही अ‍ॅनलॉग चिप साध्या बायपोलर प्रक्रियेत बसते, सिड एका विशिष्ट जुन्या एनमॉस प्रक्रियेला चिकटलेली. दुसरं, ३३४० ची डेटाशीट इतकी नेटकी की कोणत्या पायाला काय जोडायचं, उष्णतेचा परिणाम कसा काढायचा हे सगळं तिच्यात आहे. पेटंटची मुदतही संपली. सिडचा फिल्टर मात्र एका चिपमध्ये एक वागे, दुसरीत दुसरं. जिचं वागणं नीट लिहून ठेवलेलं आहे तिची जागा दुसरी घेऊ शकते. सिडच्या आज ज्या प्रतिकृती आहेत त्या एफपीजीएत (आतली जोडणी आपल्याला हवी तशी आखता येते अशा चिपमध्ये) किंवा मायक्रोकंट्रोलरमध्ये, वर्षानुवर्षं मोजमाप करून घडवलेल्या.

एकाच कंपनीची चिप असली की ती वर्ज्य, असंही मी म्हणणार नाही. स्पिन सेमीकंडक्टरची एफव्ही-१ घ्या. अलेसिसचे संस्थापक कीथ बार यांची ही रिव्हर्बची चिप. बार २०१० मध्ये गेले. तिला पर्यायी चिप नाही. पण तिचा सूचनासंच प्रसिद्ध आहे, एका नमुन्यामागे १२८ सूचना एवढी तिची झेप, आणि स्पिनकॅडसारखं मुक्त साधनही लोकांनी तिच्यासाठी घडवलं. उद्या ती मिळेनाशी झाली तरी तिचे प्रोग्राम दुसऱ्या प्रोसेसरवर उतरवता येतील, कारण प्रत्येक सूचना काय करते ते जगाला माहीत आहे. याउलट अ‍ॅनलॉग डिव्हायसेसच्या सिग्माडीएसपी घराण्यातली एडीएयू१७०१. चिप उत्तम, स्वस्त, मिळते. तिच्यावर फ्रीडीएसपी नावाचा मुक्त बोर्डही झाला. पण तिचा प्रोग्राम आखायला सिग्मास्टुडिओ लागतं, ते बंद आणि फक्त विंडोजवरचं. चिप हातात, सर्किट खुलं, आणि त्यातला विचार मात्र दुसऱ्याच्या कुलपात. दोन्हींतून एक घ्यायची झाली तर मी एफव्ही-१ घेईन.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातून २०१६ मध्ये बाहेर आलेला बेला हा प्रकल्प मला निवडीचा नमुना वाटतो. त्यांना संगणकाएवढी ताकद हवी होती, पण वादकाने तार छेडल्यावर आवाज एका मिलिसेकंदाच्या आत बाहेर यायला हवा होता. साध्या लिनक्सला हे झेपत नाही. त्यांनी बीगलबोन ब्लॅक निवडला. त्यातल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या प्रोसेसरमध्ये पीआरयू नावाचे दोन छोटे स्वतंत्र प्रोसेसर आहेत. लिनक्स कशातही गुंतलेला असो, ते आपली वेळ पाळतात. आणि बीगलबोनचा आराखडा स्वतःच खुला होता. त्या वेळी सगळीकडे गाजत असलेला रास्पबेरी पाय घेणं सोपं होतं. पण त्यावरची ब्रॉडकॉमची चिप सुटी मिळत नाही आणि तिची पूर्ण माहितीही प्रसिद्ध नाही. पुढे काही वर्षांनी रास्पबेरी पाय बाजारातून गायब झाला तेव्हा त्यावर उभ्या असलेल्या प्रकल्पांना वाट बघण्यावाचून इलाज नव्हता.

याच रास्पबेरी पायच्या लोकांनी २०२१ मध्ये आरपी२०४० आणली, तेव्हा ते बरंच शिकले होते असं दिसतं. एक डॉलरची चिप, शेकडो पानांची सुबोध डेटाशीट, बूटरॉमचा सोर्स खुला, आणि २०४१ पर्यंत ती बनवत राहण्याचं आश्वासन. तिच्यात दशांशाच्या गणितासाठी वेगळं हार्डवेअर नाही, म्हणून जड रिव्हर्बसाठी ती दमते. यूएसबीही १२ मेगाबिटचीच, त्यामुळे पुष्कळ चॅनलचं साउंडकार्ड तिच्यावर होणार नाही. त्यासाठी टीन्सी ४.१ वरच्या आयएमएक्स आरटी१०६२ सारखी चिप लागते. पण ती बीजीए, तिचे टाके पोटाखाली, घरी सोल्डर करणं जवळपास अशक्य. शिवाय टीन्सीची बूटलोडर चिप बंद आहे. निवड अशीच करायची असते: काय गमावतो आहोत ते उघड्या डोळ्यांनी बघून.

हे सगळं आपल्याकडे जास्त टोचतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत टीएल०७२, एलएम३८६ मागितली की काउंटरवर येते. इकोची पीटी२३९९ ही कराओकेच्या कृपेने ओळखीची. एखादी अनवट कोडेक मागितली तर परदेशातून मागवावी लागते, आणि एका चिपसाठी कुरिअर आणि कर मिळून चिपच्या कैक पट पैसे जातात. सांगलीच्या किंवा नांदेडच्या विद्यार्थ्याला आराखडा फुकट मिळाला, पण त्यातली एक चिप आणायला महिन्याचा खर्च गेला, तर तो आराखडा त्याच्यासाठी लिहिलेलाच नव्हता. आराखडा लिहिणाऱ्याने हा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा, एवढीच माझी मागणी आहे.

म्हणजे सगळ्यांनी जुन्याच चिप्सवर अडकून राहावं का? तसं नाही. एफपीजीएचं उदाहरण आशा वाढवणारं आहे. २०१५ च्या सुमारास प्रोजेक्ट आइसस्टॉर्मने लॅटिसच्या आइस४० चिपची रचना बाहेरून उलगडली आणि तिच्यासाठी पूर्ण मुक्त साधनं तयार झाली. पुढे ईसीपी५ साठीही झाली. आज या चिप्सवर युरोरॅक या मॉड्युलर सिंथेसायझरच्या साच्यासाठी मुक्त ध्वनियंत्रं आखली जातात. ती घडवणाऱ्यांनी झायलिंक्सची जास्त ताकदवान चिप सोडून कमी ताकदीची घेतली, कारण तिच्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर त्यांच्या मालकीचं असू शकत होतं. चिपच मुक्त करण्याचा प्रयत्नही चालू आहे. २०२० मध्ये स्कायवॉटरने गूगलच्या मदतीने १३० नॅनोमीटर प्रक्रियेचा नियमसंच खुला केला. त्यावर लहान गिऱ्हाइकांच्या चिप्स बनवून देणारी ईफॅब्लेस २०२५ मध्ये बंद पडली, हा मोठा धक्का होता. पण १३० नॅनोमीटर ध्वनीच्या कामाला पुष्कळ आहे. कोडेकला फोनच्या प्रोसेसरएवढे बारीक ट्रान्झिस्टर लागत नाहीत. खुली कोडेक चिप निघणार असेल तर ती अशाच जुन्या, परवडणाऱ्या प्रक्रियेतून निघेल असं मला वाटतं.

तोवर आराखडे प्रसिद्ध करणाऱ्यांनी एक काम आजपासून करावं. भागांच्या यादीत चिपचं नाव, किंमत आणि वितरकाचा क्रमांक असतो. त्याच्या पुढे आणखी एक रकाना काढावा आणि त्यात ही चिप का घेतली ते लिहावं. हिच्यातला कोणता गुण मला खरंच लागला, कोणता नुसता सोबत आला. हिच्याऐवजी कोणती चालेल, आणि ती लावली तर सर्किटमध्ये आणि कोडमध्ये काय बदलावं लागेल. दोषपत्रकातल्या कोणत्या चुकीला मी वळसा घातला आहे. दहा वर्षांनी तो बोर्ड हातात घेणाऱ्याला मिळेनाशी झालेली चिप शोधून काढण्याची गरज उरणार नाही. कोणती दुसरी चालेल ते त्याला यादीतच वाचता येईल, आणि तो कामाला लागेल.